दारापुढचा रस्ता कोणाचा?

वाड्यांच्या दिवसांत मुलाला 'बाहेर जाऊन खेळ' असें सांगतांना कोणत्याही आईच्या मनांत शंका येत नसे. बाहेर म्हणजे दारापुढची गल्ली. तेथें विटीदांडू चाले, लगोरी फुटे, आणि संध्याकाळीं वडील माणसें ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करीत. आजची आई त्याच वयाच्या मुलाला कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणावयास पाठवितांना दोनदां विचार करते. गल्लीची रुंदी तेवढीच आहे, मुलेंही पूर्वींइतकींच अवखळ आहेत. पालटला आहे तो रस्त्याचा उपयोग. जी जागा घराचा पुढचा भाग होती, ती आतां दुसरीकडे जाणाऱ्यांची आडवाट झाली आहे.

ह्यावर पुष्कळ घरांतून एकच उपाय सांगितला जातो: 'मुलांना जपून चालावयास शिकवा.' उपदेश योग्य आहे, पण पुरेसा नाहीं. लहान मुलाची नजर उभ्या मोटारीच्या वरून पलीकडे पोहोंचत नाहीं; येणाऱ्या वाहनाचें अंतर आणि वेग ह्यांचा मेळ घालणें त्याला नीट साधत नाहीं; आणि चेंडूमागें धावतांना चेंडूखेरीज त्याला दुसरें कांहीं दिसत नाहीं. हा त्याचा अपराध नव्हे, तें त्याचें वय आहे. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, मूल चुकलें तरी त्याचा प्राण जाऊं नये, अशी रस्त्याची व्यवस्था करतां येईल काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर साध्या गणितांत आहे. ताशी ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १४ मीटर जाते. ताशी ३० किलोमीटर वेगाची सुमारें ८ मीटर. समोर मूल आलेलें पाहून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, असें धरूं या. पुढें, रस्ता कोरडा व ब्रेक चांगले असतां, पहिली मोटार थांबावयास आणखी सुमारें १४ मीटर लागतात, दुसरीला मात्र अवघे पांच. आतां १४ मीटरांवर एक मूल अकस्मात् रस्त्यांत आलें अशी कल्पना करावी. ३० च्या वेगाची मोटार त्याच्यापासून हातभर अलीकडे उभी राहते. ५० च्या वेगाच्या मोटारीचा ब्रेक त्या ठिकाणीं नुकता कोठें लागूं पाहत असतो. म्हणजे ती जवळजवळ पूर्ण वेगानें त्या मुलावर आदळते. दोन्ही चालक सारखेच सज्जन, सारखेच सावध असूं शकतील. एक मूल घरीं परततें, दुसरें परतत नाहीं. भेद फक्त वेगाचा. शिवाय आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते, वेग दुप्पट झाला कीं ती चौपट होते, हा शाळेंत शिकविला जाणारा नियम येथें हाडांवर येऊन पडतो.

हें गणित एका राष्ट्राला फार मोठी किंमत देऊन शिकावें लागलें. सायकलींचा देश म्हणून हॉलंडची आज ख्याति आहे; परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेंही मोटारींची संख्या झपाट्यानें वाढली, आणि शहरें मोटारींच्या सोयीनें पालटूं लागलीं. १९७१ सालीं त्या लहानशा देशांत रस्त्यांवरील अपघातांत सुमारें ३,३०० माणसें मेलीं. त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. ज्याची स्वतःची मुलगी अशा अपघातांत गेली होती, त्या एका वृत्तपत्रकारानें १९७२ सालीं 'मुलांची हत्या थांबवा' अशा मथळ्याचा लेख लिहिला, आणि तेंच पुढें एका मोठ्या चळवळीचें नांव झालें. त्याच सुमारास ॲम्स्टरडॅममधील 'द पैप' नांवाच्या दाट वस्तींतील मुलांनीं खेळावयास जागा हवी म्हणून आपल्या गल्लींत मोटारी अडविल्या. १९७३ च्या तेलटंचाईनें कांहीं रविवारीं मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हां मोटारीवांचूनचा रस्ता कसा असतो, हें सर्वांनाच दिसलें.

डेल्फ्ट ह्या शहरांत ह्याच काळांत एक नवी रचना आकारास आली. तिला डच लोक 'वोनएर्फ' म्हणतात. ह्या शब्दाचा सरळ अर्थ 'राहत्या वस्तीचें अंगण' असा होतो. अशा रस्त्यांत पदपथ आणि मोटारींची वाट असा उंचसखल भेद नसतो. वाट मुद्दाम वळणावळणाची केलेली असते. मध्यें झाडें, फुलांचे वाफे, बसावयास बाकें असतात. मोटारी फक्त आंखून दिलेल्या जागींच उभ्या करावयाच्या. १९७६ सालीं ह्या रचनेला कायद्याची मान्यता मिळाली. चालणाऱ्यानें रस्त्याची सबंध रुंदी वापरावी, मुलांनीं तेथें खेळावें, आणि वाहनानें माणसाच्या पावलाच्या वेगानें जावें, असा तो नियम. येथें मोटारीला बंदी नाहीं. पण ती पाहुणी आहे आणि मुलें घरचीं आहेत.

ह्या रचनेंतील मर्म असें कीं, वेग पाटीनें कमी होत नाहीं, रस्त्याच्या आकारानें होतो. सरळ, रुंद, मोकळा रस्ता चालकाला 'चल, पुढें चल' असें सांगतो. मग पाटीवर कोणताही आंकडा लिहिला तरी तो व्यर्थ. अरुंद, वळणाचा, दोहों बाजूंस झाडें असलेला रस्ता त्याला न बोलतां हळू करतो. सर्व रस्ते उकरून अंगणें करणें खर्चाचें होतें, म्हणून १९८३ पासून हॉलंडनें वस्त्यांतून ताशी ३० किलोमीटरच्या मर्यादेचे विभाग करण्याची स्वस्त वाट धरली. जेथें वेग ३० आहे तेथें सायकल व मोटार एकत्र चालतात. जेथें तो ५० आहे तेथें सायकलीला निराळी वाट देतात. ८ डिसेंबर २०२३ पासून ॲम्स्टरडॅमच्या बहुतेक रस्त्यांवर ३० चीच मर्यादा लागू झाली. त्या वर्षीं सबंध देशांत अपघातांत ६८४ माणसें दगावलीं. लोकसंख्या आणि मोटारी १९७१ पेक्षां कितीतरी वाढल्या असतां ही संख्या पंचमांशावर आली. ह्या घटीचें सारें श्रेय रस्त्यांना देतां येत नाहीं. आसनपट्टे, सुधारलेल्या मोटारी, वैद्यकीय मदत ह्यांचाही त्यांत वांटा आहे. परंतु रस्त्यांचा वांटा लहान नाहीं.

रहदारीनें केवळ हाडेंच मोडतात असें नाहीं, शेजारही मोडतो. डोनल्ड ॲपलयार्ड ह्या विद्वानानें सॅन फ्रॅन्सिस्को शहरांतील तीन सारख्या रस्त्यांची पाहणी केली. त्यांत भेद एवढाच कीं, एकावरून दिवसाला सुमारें २,००० वाहनें जात, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,०००. पहिल्या रस्त्यावरील माणसाला आपल्याच रस्त्यावर जितके स्नेही होते, त्याच्या एक तृतीयांशच तिसऱ्या रस्त्यावरील माणसाला होते. पहिल्यावरील लोक सारा रस्ता आपला मानीत. तिसऱ्यावरील लोकांचें घर उंबरठ्याशींच संपत असे. १९८१ सालीं ॲपलयार्डचा ह्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं अथेन्समध्यें एका भरधाव मोटारीखालीं त्याचा अंत झाला.

एके काळीं सायकलींचें शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्याला, किंवा महाराष्ट्रांतील दुसऱ्या कोणत्याही शहराला, ह्यांतून घेण्यासारखें बरेंच आहे. येथें गतिरोधक पुष्कळ आहेत. पण ते बहुधा अरुंद व उभ्या चढाचे असतात, म्हणून ते पाठीला हिसका देतात आणि सायकलस्वाराला पाडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणें ताशी २५ किलोमीटर वेगासाठीं गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि अवघा १० सेंटीमीटर उंच, गोलसर पाठीचा असावा. त्याच संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेंत पदपथावर चालण्यास किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. ज्ञान परदेशांतून आणावयास नको. कागदावर तें येथेंच आहे. आडवाटेनें घुसणारी रहदारी थांबवावयाची तर गल्लीच्या एका टोंकाला चार खांब रोंवले तरी पुरे. पादचारी व सायकली पलीकडे जातात, मोटारी वळून जातात. अग्निशामक बंबासाठीं ते खांब काढतां येण्याजोगे करावे.

'ह्यानें वेळ फुकट जाईल' असा आक्षेप निघतो. तोही गणितानें पाहावा. ३०० मीटर लांबीची गल्ली ५० च्या वेगानें ओलांडण्यास सुमारें २२ सेकंद लागतात, ३० च्या वेगानें ३६. हिशेब चवदा सेकंदांचा आहे.

शेवटीं एक गोष्ट कोणत्याही नगरपालिकेच्या हातची नाहीं. स्वतःच्या दारापुढून भरधाव जाणाऱ्यावर जो गृहस्थ संतापतो, तोच दुसऱ्या पेठेंत शिरला म्हणजे उशीर झाल्याच्या सबबीवर तसाच जातो. ज्या गल्लींतून तो जातो तीही कोणाच्या तरी मुलाचें अंगण असते. एवढें ध्यानांत ठेवून त्यानें पाय थोडा सैल सोडला, तर खांब आणि गतिरोधक येण्यापूर्वींच एखादें मूल कोथिंबिरीची जुडी घेऊन सुखरूप घरीं पोहोंचेल.