माळवदावरची फरशी

गंगापूर तालुक्यातल्या जुन्या घरांवर माळवद असतं. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या किलच्या, त्यांवर पाल्याचा थर आणि वर फूटभर पांढरी माती. मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो, माळवदाचा माथा भाजून निघतो. पण मातीतून ती धग खाली उतरेपर्यंत दिवस मावळतो. तोवर घरातली माणसं अंथरुणं घेऊन वर गेलेली असतात.

काही वाड्यांत माडीच्या जमिनीलाही हीच बांधणी, आणि वर शहाबादी फरशी. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती मधली माती. लाकूड पावसाळ्यात ओल पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, भाराखाली वाकतं. शहाबादी हा चुनखडीचा दगड. कितीही दाबा, टिकेल, वाकवलात की तडकेल. दोघांना थेट एकमेकांत जखडलं तर तुळईच्या प्रत्येक हालचालीचा ताण फरशीवर येतो. माती-चुन्याचा थर ती हालचाल जिरवतो. दर्जाही चुन्यानंच भरायच्या, कारण सिमेंटइतका तो ताठर नसतो.

अमेरिकेत लाकडी घरांच्या जमिनीत विजेच्या तारा अंथरून वरची दगडी फरशी तापवतात. तिथंही अडचण हीच. साध्या लादीसाठी तुळईचा वाक तिच्या लांबीच्या ३६०व्या भागापर्यंत चालतो, नैसर्गिक दगडासाठी ७२०व्या भागापर्यंतच. १२ फुटांच्या तुळईला जेमतेम ५ मिलिमीटर. लाकूड आणि दगड सुटे राहावेत म्हणून मध्ये प्लास्टिकची खाचेदार चटई घालतात, भिंतीलगत फट सोडतात आणि मसाला पुरता पिकल्याशिवाय तारांत वीज सोडत नाहीत.

आपल्या मातीचा दोष म्हणजे वजन. फूटभर थर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरतो; २५ मिलिमीटरची फरशी त्यात आणखी ६५ किलोंची भर घालते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपानं मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि माळवदांचा हाच भार झोपलेल्या माणसांवर आला. ते विसरून या बांधणीचं कौतुक करता येत नाही.

म्हणून जुन्या माडीवर नवी फरशी घालायची तर आधी वरची भर कमी करावी. लाकडावर थेट सिमेंट ओतू नये, ओल आत कोंडते. आणि गवंडी बोलावण्याआधी सुतार बोलवावा: तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं, आणि ते खालून सहसा दिसत नाही.