भुईमुगाच्या मुलखातला सादियो

पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिणेस कासामांस नदीच्या काठी भात नि भुईमूग पिकतो, पाऊसही आपल्यासारखाच जूनपासून. त्या मुलखातल्या बांबाली गावी १९९२ साली सादियो माने जन्मला. लहानपणीच वडील आजारी पडून गेले. गावात दवाखाना नव्हता.

काकांनी सांभाळ केला. पोराने शिकावे, ही घरची इच्छा. पोराच्या डोक्यात फुटबॉल. पंधराव्या वर्षी कोणाला न सांगता त्याने राजधानी डाकार गाठली. घरच्यांनी शोधून परत आणला, तेव्हा त्याने अट घातली : शाळेचे हे वर्ष पुरे करतो, मग मला जाऊ द्या. पुढे त्याच्या प्रवासासाठी घरच्यांनी शेतातला माल विकला, असे त्याने स्वतः सांगितले आहे.

विस्तार अधिकारी म्हणून फिरताना पोराच्या कुस्तीसाठी दावणीची म्हैस विकलेली घरे मी पाहिली आहेत. माल विकून पोराला खेळायला धाडणे म्हणजे काय, हे तुम्हांला निराळे सांगायला नको. बहुतेकांचा पैसा परत येत नाही, हेही खरे.

डाकारला निवडीच्या वेळी त्याचे फाटके बूट नि साधी चड्डी पाहून एका वयस्क गृहस्थाने हटकले. पण खेळ पाहून त्याला घेतले. २०११ साली तो फ्रान्सच्या मेट्झ संघात गेला, तोही आईला न सांगता. तिथून फोन केला, तर तिचा विश्वासच बसेना. पोरगा टेलिव्हिजनवर दिसला तेव्हा पटले.

पुढे ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग, इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन आणि २०१६ पासून लिव्हरपूल. २०१५ मध्ये त्याने तीन मिनिटांच्या आत तीन गोल केले. २०१९ मध्ये लिव्हरपूलने युरोपचे विजेतेपद मिळवले. २०२२ च्या फेब्रुवारीत इजिप्तविरुद्ध अखेरची पेनल्टी त्यानेच मारली आणि सेनेगलला आफ्रिकेचा चषक पहिल्यांदा मिळाला. त्यानंतर तो जर्मनीत बायर्नकडे आणि २०२३ मध्ये सौदी अरेबियात गेला.

हे चषक बांबालीने ऐकून-पाहून साजरे केले असतील. पण २०२१ साली तिथे मानेच्या पैशाने रुग्णालय उभे राहिले. खर्च साडेचार लाख पौंडांवर, म्हणजे तेव्हाच्या दराने आपले सुमारे साडेचार कोटी रुपये. त्यात बाळंतपणाची सोयही आहे. मानेची बहीण घरीच जन्मली होती, कारण तेव्हा गावात दवाखानाच नव्हता.