आजचा गुणी नट कोणता?

चित्रपट संपून प्रेक्षक बाहेर पडले, की जिन्याच्या पायऱ्या उतरता उतरता जो वाद सुरू होतो आणि पुढे उपाहारगृहात, लोकलच्या डब्यात, घरच्या जेवणाच्या पंगतीत दिवसचे दिवस चालू राहतो, तो बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत असतो : आज पडद्यावर काम करणाऱ्या नटनटींत खरा गुणी कोण? या वादाला रिकामपणाचा उद्योग समजणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या देशात कोट्यवधी माणसे राग कसा गिळावा, प्रेम कसे व्यक्त करावे आणि दुःख कसे सोसावे याचे नमुने पडद्यावरून उचलतात, त्या देशात नटांची डोळस पारख करणे हे प्रत्येक रसिकाचे कर्तव्यच आहे, असे माझे मत आहे. म्हणून आज कार्यरत असलेल्या भारतीय कलावंतांपुरता हा प्रश्न मर्यादित करून, त्याचा निवाडा कोणत्या कसोट्यांवर करावा आणि तो केला असता कौल कोणाच्या बाजूने पडतो, हे येथे मांडावयाचे आहे.

या वादात पुरावा म्हणून दोन गोष्टी हमखास पुढे केल्या जातात : तिकीटबारीवरचा गल्ला आणि पुरस्कारांची यादी. गल्ल्यात कथा, संगीत, जाहिरात, सणासुदीची सुट्टी अशा अनेकांचा वाटा असतो, आणि त्यातून नटाचा हिस्सा वेगळा काढून दाखविणारा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडत नाही. पुरस्कारांचा दाखला त्याहून वजनदार खरा. पण तोही निर्णायक नव्हे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत अभिनयाचा सन्मान १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो उत्तमकुमार व नर्गिस यांना लाभला. पुढे एकाच नावावर थांबणे परीक्षकांना अवघड व्हावे, असे प्रसंग वारंवार आले : १९९८ च्या चित्रपटांसाठी ममूट्टी आणि अजय देवगण, २०१२ साठी इरफान खान आणि आपले विक्रम गोखले, २०१९ साठी मनोज बाजपेयी आणि धनुष, असा तो मान विभागून द्यावा लागला. शिवाय पुरस्कार हा एका वर्षातल्या एका भूमिकेचा गौरव असतो. आपण शोधतो आहोत ती गुणवत्ता मात्र अनेक भूमिकांतून, अनेक वर्षांतून सिद्ध व्हावी लागते.

पडद्यावरच्या अभिनयाची पारख रंगभूमीवरच्या अभिनयापेक्षा कठीण का, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. रंगमंचावरचा नट पडदा उघडल्यापासून मिटेपर्यंत भूमिकेचा सलग प्रवास आपल्या डोळ्यांदेखत करतो. चित्रपटात मृत्यूचा प्रसंग पहिल्या दिवशी आणि विवाहाचा प्रसंग महिन्याने चित्रित होऊ शकतो. उत्तम ‘टेक’ तेवढे निवडले जातात, आणि संकलकाची कात्री व संगीतकाराचा वाद्यवृंद नटाच्या मदतीला धावून येतात. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे तेच दृश्य कधी अन्नाच्या बशीला, कधी शवपेटिकेला जोडून दाखविले, तेव्हा प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक आणि एकदा शोक दिसला, अशी त्या प्रयोगाची प्रसिद्ध हकीकत आहे. म्हणजे चेहऱ्यावर जे आपल्याला दिसते, त्यातले कितीतरी संकलनाने घडविलेले असते. आणि म्हणूनच संकलनाच्या कुबड्यांवाचून जे उरते, ते नटाचे स्वतःचे धन मानावे लागते. ते ओळखण्याच्या माझ्या कसोट्या तीन आहेत : संवाद नसताना नट काय करतो, एका भूमिकेतून दुसरीत जाताना तो स्वतःला किती मागे टाकतो, आणि यश मिळाल्यावर तो कोणत्या भूमिका पत्करतो.

पहिल्या कसोटीचा उत्तम नमुना म्हणजे देवाशिष मखीजा यांच्या ‘भोसले’ या चित्रपटातले मनोज बाजपेयी. बिहारमधील चंपारणच्या एका खेड्यातून आलेल्या या नटाने त्यात मुंबई पोलिसांतून सेवानिवृत्त होणारा गणपत भोसले हा मराठी हवालदार उभा केला आहे. चित्रपटाच्या प्रारंभी एकीकडे गणपतीच्या मूर्तीवर रंग चढत जातो आणि दुसरीकडे भोसल्यांच्या अंगावरची वर्दी उतरत जाते. या दोन क्रियांच्या मधोमध बाजपेयींच्या चेहऱ्यावर खंत, थकवा आणि एक प्रकारची बधिरता अशी काही मिसळली आहे, की नोकरीच्या मुदतवाढीसाठी या माणसाने अर्ज का केला असेल, हे कोणी न सांगता कळून चुकते. पुढे चाळीतल्या एकाकी खोलीतला त्यांचा स्वयंपाक, त्यांचे जेवण, शेजारी येऊन राहिलेल्या परप्रांतीय बहीणभावांकडे पाहताना हळूहळू विरघळत जाणारी त्यांची नजर, हे सारे जवळजवळ मुक्यानेच घडते.

मल्याळी नट फहाद फासिल यांची शक्ती निराळ्या जातीची आहे. ‘कुंबळंगी नाइट्स’ या २०१९ च्या चित्रपटात त्यांनी साकारलेला शम्मी वरकरणी नीटनेटका, संसारी जावई आहे. आरशासमोर उभे राहून तो मिशी न्याहाळतो, स्वतःवरच प्रसन्न होतो, आणि काचेवर कुणीतरी चिकटवून ठेवलेली टिकली दिसताच ती पात्याने खरवडून काढतो. आवाज चढत नाही, भुवई वक्र होत नाही. तरीही घरातल्या स्त्रियांना या पुरुषाच्या हाताखाली कसे दिवस काढावे लागत असतील, याचा पुरता अंदाज त्या एका क्रियेतून येतो. धाक न दाखविता धाक निर्माण करणे ही सिद्धी थोड्यांनाच साधते.

नटींच्या बाबतीत आपल्या चित्रसृष्टीने मोठा अन्याय केला आहे. कारण चाळिशी उलटलेल्या स्त्रीसाठी पटकथाकारांच्या दौती कोरड्या पडतात. या परिस्थितीतही तब्बू यांनी जे केले आहे, ते अपूर्व म्हटले पाहिजे. ‘माचीस’ आणि ‘चांदनी बार’ या चित्रपटांतल्या भूमिकांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते ऐन तारुण्यात. पण ‘मकबूल’मधली न दिसणाऱ्या रक्ताने भेदरलेली निम्मी, ‘हैदर’मधली पुत्रप्रेम आणि स्वतःची वासना यांच्या कात्रीत सापडलेली गझाला आणि ‘अंधाधुन’मधली निर्विकारपणे खून पचवणारी सिमी, या तिघींना एका माळेत ओवून पाहिले, म्हणजे ही एकच नटी आहे, यावर सहसा विश्वास बसत नाही. शेफाली शाह यांनाही वयाच्या पंचेचाळिशीनंतर, २०१९ साली ‘दिल्ली क्राइम’ या मालिकेत पोलीस उपायुक्ताची मध्यवर्ती भूमिका मिळाली, आणि संताप आवरून धरलेल्या त्या डोळ्यांनी आजवर त्यांना काय नाकारले गेले होते, हे सिद्ध केले.

परकायाप्रवेशाच्या दुसऱ्या कसोटीवर मराठीने मान खाली घालण्याचे कारण नाही. दिलीप प्रभावळकर यांनी ‘चौकट राजा’तला निष्पाप नंदू केला, ‘झपाटलेला’तला क्रूर तात्या विंचू केला, ‘लगे रहो मुन्नाभाई’त महात्मा गांधी केले, आणि २०२५ साली, वयाची ऐंशी ओलांडल्यानंतर, ‘दशावतार’मध्ये कोकणातल्या वृद्ध लोककलावंताची भूमिका पेलली. ‘अस्तु’मध्ये अमृता सुभाष यांनी हत्तीवाल्याची कानडी बायको चन्नम्मा रंगविताना स्मृती हरवलेल्या विद्वान वृद्धाला ज्या सहजतेने लेकराप्रमाणे जवळ केले, त्या सहजतेचा राष्ट्रीय पुरस्काराने यथोचित गौरव झाला आहे.

परंतु तिन्ही कसोट्या एकत्र लावल्या, तर माझा कौल ममूट्टी यांच्या बाजूने आहे. मराठी वाचकांना ते डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटामुळे परिचित आहेत. ज्या महापुरुषाची चालबोल आपल्या घरोघरी ठाऊक, त्याची भूमिका केरळातल्या नटाने करावी आणि ती महाराष्ट्राने आपली मानावी, ही साधी गोष्ट नव्हे. त्यांची खरी थोरवी मात्र सत्तरी ओलांडल्यानंतरच्या कामात आहे. ‘ननपकल नेरत्तु मयक्कम’ या चित्रपटात वेलंकनीहून परतणारा जेम्स नावाचा चिडखोर मल्याळी गृहस्थ भर दुपारी बस थांबवितो, शेतातून चालत एका तमिळ खेड्यात शिरतो आणि दोन वर्षांपूर्वी बेपत्ता झालेला सुंदरम होऊन वावरू लागतो. तो लुंगी नेसतो, गाईला चारा घालतो, अस्खलित तमिळ बोलतो. मुखवटा नाही, रंगभूषेचा आधार नाही. केवळ खांद्यांचा ढिलेपणा, पावलांची लय आणि भाषेचा हेल बदलून एका माणसाचा दुसरा माणूस आपल्यासमोर होतो. ‘कादल’मध्ये स्वतःचे समलैंगिकत्व संसारात वर्षानुवर्षे दडवून ठेवलेला मॅथ्यू त्यांनी केला, तोही स्वतःच्या निर्मितिसंस्थेच्या चित्रपटात. लाखो चाहत्यांनी ज्याला नायकपदाची सनद दिली आहे, त्याने ती सनदच पणाला लावून अशा भूमिका पत्कराव्यात, हे माझ्या तिसऱ्या कसोटीचे परिपूर्ण उत्तर आहे. त्यांच्या पाठोपाठ मी तब्बू आणि मनोज बाजपेयी यांना स्थान देईन.

हा निवाडा ज्यांना मान्य नसेल, त्यांनी तो अवश्य खोडून काढावा. मात्र त्यापूर्वी वर उल्लेखिलेले मल्याळम चित्रपट भाषांतरित आवाजात पाहू नयेत, मूळ भाषेत उपशीर्षकांसह पाहावेत. नटाचा आवाज काढून घेतला, की त्याच्या कलेचा निम्मा पुरावाच नाहीसा होतो, आणि अर्ध्या पुराव्यावर दिलेला निकाल, मग तो कोणाच्याही बाजूचा असो, कलावंतावर अन्याय करणाराच ठरतो.