एकाच घरातले दोन गणवेश
लेखमाला : छावणीचा मुलूख (लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या सहारावी निर्वासितांच्या छावण्यांची ओळख करून घेतली. एल अय्यून, स्मारा, दाखला अशी मागे सुटलेल्या गावांचीच नावे त्यांनी छावण्यांना दिली आहेत. आज तिथल्या सैनिकाविषयी आणि त्याच्या घराविषयी.

स्पेनने 1975 च्या अखेरीस पश्चिम सहारातून काढता पाय घेतला. मोरोक्को आणि मॉरितानियाच्या फौजा आत शिरल्या. पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ आघाडीने 27 फेब्रुवारी 1976 रोजी स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले. स्पेनच्या सैन्यात चाकरी केलेले सहारावी शिपाई त्या धामधुमीत काही इकडे, काही तिकडे गेले. घराघरांत फाटाफूट झाली, आणि ती सर्वांत वरच्या घरातही होती. महंमद अब्देलअझीझ हे 1976 पासून 2016 साली मृत्यू येईपर्यंत पोलिसारिओचे प्रमुख होते. त्यांचे वडील मात्र मोरोक्कोच्या सैन्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि मोरोक्कोतच राहिले. मुलगा ज्या राजसत्तेशी लढत होता, तिच्याच बाजूने बाप उभा होता.

दोन्ही बाजूंच्या मध्ये मोरोक्कोने सुमारे 2,700 किलोमीटर लांबीचा वाळू-दगडांचा बांध घातला आणि त्याच्या कडेने सुरुंग पेरले. 1991 च्या शस्त्रसंधीनंतरही तो ओलांडून कोणी भावाला भेटायला जाऊ शकत नव्हते. 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अशा भेटींसाठी विमानाने नेआण सुरू केली. मुक्काम अवघा पाच दिवसांचा. सुमारे 20 हजार माणसांना हा लाभ मिळाला. 2014 मध्ये ही सोयही थांबली.

वाळवंटातली ही हकिकत उल्हासनगरजवळच्या विठ्ठलवाडीत बसून सांगण्याला कारण आहे. आपण राहतो तो हा पट्टा दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावणी होता. कल्याणच्या पुढे रुळांच्या कडेला सैनिकांसाठी बराकी बांधल्या गेल्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली. एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून संसार थाटले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. तरी पत्ता सांगताना आपल्या तोंडी अजून कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असेच येते. पलटणीचा आणि ताटातुटीचा संबंध या जमिनीला नवा नाही.

त्याच महायुद्धात हिंदी सैनिकाचे घरही दुभंगले होते. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडले. हजारो हिंदी सैनिक जपान्यांचे कैदी झाले आणि त्यांतले कित्येक आझाद हिंद फौजेत गेले. सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले त्यांच्यापैकीच. सँडहर्स्टला शिकलेले, मराठा पलटणीत कमिशन मिळालेले हे अधिकारी नेताजींच्या फौजेत अगदी वरच्या हुद्द्यावर पोहोचले. मराठा पलटणीचेच नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, 10 जुलै 1944 रोजी इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर तुटून पडले, मारले गेले, आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक पलटण, कोकणचीच माती, आणि दोन वेगळ्या निष्ठा. यांतल्या एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला भाडोत्री ठरवणे मला साफ अमान्य आहे. सिंगापूरला कोणाची बदली झाली आणि इटलीला कोणाची, हे त्यांनी ठरवलेले नव्हते. भोसल्यांसमोर निवडीचा प्रसंग आला, घाडग्यांसमोर तो आलाच नाही.

काही घरांत तर सख्खे भाऊच समोरासमोर होते. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत हिंदी अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या तीन बटालियन एकत्र लढल्या. एकीचे प्रमुख कोल्हापूरकडच्या वडगावचे शंकरराव थोरात होते, दुसरीचे कोडगूचे थिमय्या. थिमय्यांचा भाऊ त्या वेळी आझाद हिंद फौजेत होता. पुढे थिमय्या स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले. आझाद हिंद फौजेत गेलेल्यांना मात्र स्वतंत्र भारताच्या सैन्यातही परत घेतले गेले नाही. हा अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

भोसल्यांना सैन्याचे दार बंद झाले. 1952 मध्ये ते लोकसभेत गेले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. उल्हासनगरसारख्या वसाहतींचे प्रश्न याच खात्याकडे असत. निर्वासितांच्या मुलांसाठी 1954 साली दिल्लीत त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली.

सर्वांत अवघड वाट आझाद हिंद फौजेचे अधिकारी शाहनवाज खान यांच्या वाट्याला आली. रावळपिंडीकडच्या मटोरचे, पिढीजात फौजी घराण्यातले. या फौजेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चाललेल्या खटल्यात त्यांनी सांगितले की राजा की देश असा प्रश्न समोर उभा राहिला तेव्हा आपण देश निवडला, आणि रणांगणावर आपले चुलतभाऊच ब्रिटिशांच्या बाजूने लढत होते. त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. जानेवारी 1946 मध्ये सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती रद्द केली.

मग फाळणी आली. मटोर पाकिस्तानात गेले. शाहनवाज भारतात राहिले, कुटुंबातली माणसे मात्र तिकडेच राहिली. 1965 च्या युद्धात ते शास्त्रीजींच्या सरकारात होते आणि त्यांचा मुलगा पाकिस्तानच्या सैन्यात अधिकारी होता. विरोधकांनी त्यांच्या राजीनाम्यासाठी गदारोळ केला. बाप पाकिस्तानला फितूर आहे असा कसलाही पुरावा कोणाकडे नव्हता. मुलगा तिकडे आहे, एवढाच आरोप. पण मुलगा जिथे वाढला तिथल्या सैन्यात भरती झाला, त्याचा जाब बापाने का द्यावा? शास्त्रीजींनी त्यांचा राजीनामा घेतला नाही. ऐन युद्धात, लोकक्षोभ समोर दिसत असताना घेतलेला हा निर्णय माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतल्या मोठ्या निर्णयांपैकी एक आहे. 1971 मध्ये मेरठच्या मतदारांनी शाहनवाज खान यांना पुन्हा लोकसभेत निवडून दिले.

तिंदूफच्या छावणीतल्या सैनिकालाही हाच प्रश्न विचारला जातो. बांधापलीकडे तुझा भाऊ काय करतो? 13 नोव्हेंबर 2020 पासून शस्त्रसंधीही उरलेली नाही. भारताने 1985 मध्ये सहारावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि 2000 साली ती काढून घेतली.

पुढच्या लेखांकात आपल्या बराकींविषयी. कॅम्पमधल्या ज्या घरांत निर्वासित नोंदणीचे दाखले किंवा सिंधमध्ये राहिलेल्या नातलगांची पत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून प्रत्येक पत्रामागे नाव, गाव आणि नाते लिहून घ्यावे.