प्रश्न काय विचारलाय, ते आधी वाचा!

“काकू, समाजशास्त्र राहिलं माझं.”

गेल्या वर्षीची गोष्ट. शेजारची सून मागच्या दाराशी उभी होती. हातात मार्कशीट, डोळ्यांत पाणी. बारावी झाल्या झाल्या लग्न, मग मुलगी. ती बालवाडीत जायला लागल्यावर हिने बी.ए.साठी बाहेरून नाव घातलं. सासूबाईंचा विरोध नव्हता, पण अट होती. नापास झालीस तर पुस्तकं रद्दीत! हातापाया पडून तिने आणखी एक संधी मिळवली होती.

मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण सल्ला माझाच होता. “कला शाखेत काय असतं गं? गाइड पाठ कर, पानं भर, मार्क मिळतात,” असं मीच सांगितलं होतं. माझं बी.ए. मी तसंच केलं. बचत गटाच्या कामामुळे बायका मला विचारायला येतात आणि मीही न विचारता सल्ले देते, ही माझी जुनी खोड.

मग आम्ही तिच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. प्रश्न होता, ‘एकत्र कुटुंबात होत असलेल्या बदलांची कारणे स्पष्ट करा.’ हिने चार पानं लिहिली होती. एकत्र कुटुंबाचा अर्थ, वैशिष्ट्यं, फायदे, तोटे, सगळं बिनचूक. बदलांच्या कारणांवर मात्र शेवटच्या चारच ओळी! माहिती खोटी नव्हती, ती विचारलेल्या प्रश्नाची नव्हती. भरली वांगी करायला सांगितली असताना आपण भरीत वाढलं, तर ते कितीही चवदार असो, पाहुणा काय म्हणेल?

त्या दिवसापासून दुपारची भांडी आवरली की आम्ही दोघी जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसायला लागलो. पहिला नियम असा केला की प्रश्नातल्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारायची. ‘स्पष्ट करा’ म्हणजे कसं आणि का ते सांगायचं. ‘चर्चा करा’ म्हणजे दोन्ही बाजू मांडायच्या. ‘तुलना करा’ म्हणजे आधी एकाचं पानभर, मग दुसऱ्याचं पानभर असं नाही. एकेक मुद्दा घेऊन दोघांना शेजारी शेजारी ठेवायचं. ‘चिकित्सा करा’ म्हणजे काय पटतं, काय कमी पडतं, ते कारणासकट लिहायचं.

मग मी तिला विचारलं, “तुझं घर एकत्र की विभक्त?” ती हसली. दीर-जाऊ वरच्या मजल्यावर, त्यांचा गॅस वेगळा. पण शेती एकत्र, गौरी-गणपती खाली सासूबाईंकडेच, आणि सासऱ्यांच्या दवाखान्याचा खर्च दोघे भाऊ मिळून करतात.

पुस्तक उघडलं तर तिथे हेच होतं! इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९५३ साली आला. त्यात एकत्र कुटुंबाच्या खुणा दिल्या आहेत : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, एकत्र देवकार्य आणि आपसातलं नातं. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा या गावातल्या कुटुंबांचा अभ्यास केला, तो १९६४ साली पुस्तकरूपाने आला. त्यांचं म्हणणं असं, की चूल वेगळी झाली म्हणून कुटुंब तुटलं असं होत नाही. मालमत्ता आणि एकमेकांची जबाबदारी यांनी ते बांधलेलं राहू शकतं. कर्व्यांच्या मापाने हिचं घर फुटलेलं, देसाईंच्या मापाने अजून जोडलेलं.

“म्हणजे काकू, हे आमच्याच घराचं लिहिलंय की!” ती म्हणाली. पाठांतराची भीती मला वाटतं तिथेच निम्मी पळाली.

पण एक पथ्य पाळायचं. आपलं घर म्हणजे सगळा समाज नव्हे. ते उदाहरण म्हणून द्यायचं, पुरावा म्हणून नाही. प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा, त्याला अभ्यासकाचा आधार, मग उदाहरण, आणि शेवटी पुन्हा प्रश्नाकडे वळायचं. पहिल्या दोन-तीन ओळींतच आपलं म्हणणं सांगून टाकायचं. आणि घड्याळ! तीन तासांत पाच प्रश्न असतील तर प्रत्येकाला पस्तीस मिनिटं, म्हणजे पेपर वाचायला पाच मिनिटं उरतात. पस्तिसांतली पहिली तीन मुद्द्यांचा कच्चा आराखडा करायला. हल्ली मोबाइलला विचारलं की तयार उत्तर मिळतं, पण परीक्षेच्या बाकावर मोबाइल नसतो. हाताने लिहायची सवय घरीच करावी लागते.

बदल समजून घ्यायचे म्हणून तिने एकदा सासूबाईंना विचारलं, “तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा घरात किती माणसं होती?” झालं! सासूबाईंनी लसूण सोलता सोलता तासभर सांगितलं. एकोणीस माणसं, भाकऱ्यांच्या दोन पाळ्या, मग कोण नोकरीला शहरात गेलं, कुणाची वाटणी झाली. कारणं हिला पाठ करावी लागलीच नाहीत.

मैत्रिणींनो, आपल्याला काय कळतंय, असं म्हणायची आपल्याला फार सवय आहे. १८५५ साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. डोळ्यांसमोरचं दुःख तिने पाहिलं आणि ‘हे असं का?’ म्हणून विचारलं. सामाजिक शास्त्राचा अभ्यास याहून वेगळा काय असतो?

यंदा आमची सून पास झाली, शंभरात अठ्ठावन्न मार्क. पेढे द्यायला सासूबाई स्वतः आल्या. जाताना हळूच मला म्हणाल्या, “पुढच्या वर्षी कशावर विचारणार आहेत हो? मला आधी सांगा, म्हणजे आठवून ठेवते!”