‘टुओनो’ इटलीची, जन्म बारामतीचा! नामांकित ‘नेकेड’ बाइक बदलताना काय टिकवले, काय सोडले?

इटालियन भाषेत ‘टुओनो’ म्हणजे मेघगर्जना. एप्रिलिया कंपनीने हे नाव २००२ मध्ये जवळपास हजार सीसीच्या एका दणकट मोटारसायकलला दिले. त्याच नावाची ४५७ सीसीची गाडी फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात आली आणि ती तयार होते पुणे जिल्ह्यातील बारामतीत. इंजिन निम्म्याहून लहान आणि ताकद मोठ्या टुओनोच्या सुमारे पाव पट. मग हिला खरी टुओनो म्हणायचे की फक्त नाव उसने घेतले आहे?

‘नेकेड’ बाइक म्हणजे काय?

शर्यतीच्या धर्तीवरील स्पोर्ट्स बाइकला समोर आणि दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे आवरण असते. त्याला फेअरिंग म्हणतात. वेग वाढला की हवा कापण्यासाठी ते उपयोगी पडते. अशा गाडीचे हँडल खाली असते, त्यामुळे चालकाला टाकीवर वाकून बसावे लागते. हे आवरण काढले, इंजिन उघडे ठेवले आणि हँडल रुंद व उंच केले की ती ‘नेकेड’ बाइक होते. चालक ताठ बसतो, गाडी वळवायला सोपी जाते आणि गर्दीत मनगटांवर भार येत नाही. मात्र महामार्गावर वेग वाढला की वारा थेट छातीवर येतो.

टुओनोची ओळख कशात आहे?

अनेक कंपन्या नेकेड बाइक बनवताना इंजिनाची ताकद कमी करतात आणि सुटे भाग स्वस्तातले वापरतात. एप्रिलियाने तसे केले नाही. ‘आरएसव्ही मिले’ ही आपली सुपरबाइक घेऊन तिचे बरेचसे आवरण उतरवले आणि रुंद हँडल बसवले. ९९८ सीसीचे व्ही-ट्विन इंजिन आणि फ्रेम मात्र सुपरबाइकचीच ठेवली. २०११ मध्ये याच पद्धतीने ‘आरएसव्ही४’ या गाडीवरून चार सिलिंडरची ‘टुओनो व्ही४’ तयार झाली. २०१५ मध्ये तिचे इंजिन १०७७ सीसीचे झाले आणि ताकद १७५ अश्वशक्तीवर गेली. २०२१ मध्ये ‘आरएस ६६०’वरून ‘टुओनो ६६०’ आली. म्हणजे इंजिन दर वेळी बदलले, पण स्पोर्ट्स बाइकचा गाभा कायम ठेवून फक्त आवरण आणि बसण्याची पद्धत बदलायची, हे सूत्र बदलले नाही. ‘टुओनो ४५७’ही याच सूत्राने ‘आरएस ४५७’वरून घडली आहे. दोन्ही गाड्यांची ताकद ४७.६ अश्वशक्ती इतकीच आहे.

४७.६ अश्वशक्तीच का?

याचे उत्तर युरोपातील वाहन परवान्यात आहे. तेथे १८ वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाला ‘ए-२’ वर्गाचा परवाना मिळतो. या परवान्यावर चालवायच्या गाडीची ताकद ३५ किलोवॉटपेक्षा जास्त नसावी आणि दर किलो वजनामागे ती ०.२ किलोवॉटच्या वर जाऊ नये, असा नियम आहे. ३५ किलोवॉट म्हणजेच ४७.६ अश्वशक्ती. या ताकदीच्या गाडीचे वजन किमान १७५ किलो असावे लागते. ‘टुओनो ४५७’चे पेट्रोलसह वजन १७५ किलोच आहे. म्हणजे ताकद आणि वजन या दोन्ही बाबतींत गाडी नियमाच्या रेषेवर नेऊन ठेवली आहे. पहिली मोठी बाइक घेणाऱ्या तरुणाला कायद्याने मिळू शकेल तेवढे सगळे देण्याचा हा हिशेब आहे.

चार सिलिंडर सोडून दोन का?

व्ही आकाराच्या इंजिनाला सिलिंडरच्या दोन रांगा असतात. म्हणून सिलिंडर हेड दोन लागतात आणि कॅमशाफ्ट चार. ‘पॅरलल ट्विन’ इंजिनात दोन्ही सिलिंडर शेजारी-शेजारी उभे असतात. तेथे एक हेड आणि दोन कॅमशाफ्ट पुरतात. भाग कमी झाल्याने वजन आणि खर्च दोन्ही उतरतात, शिवाय इंजिन आटोपशीर होते.

मग आवाजाचे काय? साध्या पॅरलल ट्विनचा आवाज एकसुरी वाटतो. यावर उपाय म्हणून क्रँकशाफ्टवरील दोन्ही पिस्टनच्या जागांमध्ये २७० अंशांचे अंतर ठेवले आहे. त्यामुळे दोन सिलिंडरमधील ज्वलन समान अंतराने होत नाही. आधी एक लवकर, मग दुसरे थोडे उशिरा, अशी लय तयार होते. ९० अंशांच्या व्ही-ट्विनची लयही अशीच असते. नावातली गर्जना अशा रीतीने कमी खर्चात राखली आहे.

काटकसर कुठे केली?

मुख्य फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. या किमतीच्या गाड्यांमध्ये ती क्वचितच मिळते. मागचे चाक धरणारा स्विंगआर्म मात्र पोलादाचा आहे. मोठ्या टुओनोला ब्रेम्बोचे महागडे ब्रेक असतात, तर या गाडीला ब्रेम्बोच्याच ‘बायब्रे’ या लहान गाड्यांसाठीच्या ब्रँडचे ब्रेक दिले आहेत. पुढची डिस्क ३२० मिलिमीटरची आहे. गाडी वळणावर कशी वागते हे ज्यावर ठरते तिथे पैसा खर्च केला आणि बाकी ठिकाणी हात आखडता घेतला, असे हे गणित आहे.

बारामतीच का?

एप्रिलियाचे मूळ गाव व्हेनिसजवळील नोआले. २००४ मध्ये ही कंपनी पियाजिओ समूहाकडे गेली. मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्यातील उमरीपासून लातूरपर्यंत, गावोगावचे प्रवासी वाहणारी ॲपे रिक्षा ज्या कंपनीची, तीच ही पियाजिओ. बारामतीत तिचा ॲपेचा कारखाना आधीपासून होता. २०१२ मध्ये तेथे व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन सुरू झाले आणि २०१६ मध्ये एप्रिलियाची ‘एसआर १५०’ स्कूटर आली. त्यानंतर ‘आरएस ४५७’ आणि ‘टुओनो ४५७’ आल्या. या गाड्या बारामतीतून युरोप-अमेरिकेतही जातात. चाकणमध्ये बजाज ऑटो केटीएमच्या ड्यूक गाड्या बनवते, त्यामुळे सुटे भाग पुरवणारे उद्योग आणि कुशल कामगार या पट्ट्यात उपलब्ध आहेत.

डुकाटी मॉन्स्टरच्या वाट्याला काय आले?

इटलीची सर्वांत नामांकित नेकेड बाइक म्हणजे डुकाटीची मॉन्स्टर. मिगेल गालुझी यांनी कंपनीच्या इतर गाड्यांचे भाग एकत्र करून ती घडवली. १९९३ मध्ये ती विक्रीला आली. नळ्यांची जाळीदार ‘ट्रेलिस’ फ्रेम हीच तिची ओळख होती. २०२१ च्या मॉन्स्टरमध्ये डुकाटीने ती फ्रेमच काढून टाकली आणि ॲल्युमिनियमची छोटी फ्रेम बसवली. गाडी आधीच्या ‘८२१’पेक्षा १८ किलोने हलकी झाली, पण जुने चाहते नाराज झाले. ज्या गाडीची ओळख डोळ्यांना दिसणाऱ्या भागात असते, तिला तो भाग बदलणे जड जाते. टुओनोची ओळख बनवण्याच्या पद्धतीत असल्याने तिचे सिलिंडर बदलले तरी तितका गहजब झाला नाही. पुढे हेच गालुझी पियाजिओ समूहात आले आणि ज्या ‘आरएसव्ही४’वरून टुओनो व्ही४ झाली, तिच्या डिझाइनमध्ये त्यांचा मोठा वाटा राहिला.

ग्राहकासाठी याचा अर्थ काय?

भारतात आली तेव्हा ‘टुओनो ४५७’ची एक्स-शोरूम किंमत ३ लाख ९५ हजार रुपये होती, ‘आरएस ४५७’ची सुरुवातीची ४ लाख १० हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील मोटारसायकलींवर जीएसटी ४० टक्के झाला. आधी उपकरासह तो ३१ टक्के होता. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर मात्र तो १८ टक्क्यांवर आला. युरोपच्या परवान्यात चपखल बसणारी ४५७ सीसीची गाडी भारताच्या करात अशी वरच्या टप्प्यात सापडते. उमरीसारख्या तालुक्याच्या गावातील ग्राहकाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : जवळचे अधिकृत सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे आणि सुटा भाग यायला किती दिवस लागतात? गाडी आपल्याच राज्यात बनते एवढ्याने हे अंतर कमी होत नाही. म्हणून टुओनो खरी की नावापुरती याचे उत्तर तिच्या घडणीत मिळते. ती घ्यावी की नाही हे मात्र कर आणि सर्व्हिस सेंटरचे अंतर पाहूनच ठरवावे लागते.