विश्लेषण : फोनचा ‘कर्नल’ स्वतःच्याच मेमरीला कुलूप का लावतो?

तुमच्या फोनमधलं यूपीआय अ‍ॅप, फोटो गॅलरी आणि एखादा फुकटचा गेम हे सगळे एकाच प्रोसेसरवर, एकाच रॅममध्ये चालतात. तरीही गेमला बँकेच्या अ‍ॅपमध्ये डोकावता येत नाही. ही राखण करतो ‘कर्नल’, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. पण हा राखणदारच फितूर झाला तर?

हल्ला कसा होतो?

कर्नलमध्ये लाखो ओळींचा कोड असतो आणि त्यात चुका सापडत राहतात. कर्नलकडे काही तक्तेही असतात. फाइल उघडायची असेल तर कुठल्या पत्त्यावरचा कोड चालवायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. एखाद्या चुकीचा फायदा घेऊन हल्लेखोराने यातला एक पत्ता बदलला, तर कर्नल स्वतःच्या अधिकारात त्याचा कोड चालवू लागतो. मग कुठल्याच अ‍ॅपची भिंत उरत नाही.

कुलूप कसं लागतं?

मेमरीचे साधारण ४ केबीचे तुकडे केलेले असतात. त्यांना ‘पेज’ म्हणतात. कोणत्या पेजवर लिहायला परवानगी आहे, याची नोंद ‘पेज टेबल’मध्ये असते. ‘रीड-ओन्ली’ पेजवर कुणी लिहायला गेलं, तर प्रोसेसर तिथेच अडवतो. यात फोन रीस्टार्ट होऊ शकतो. पण डेटा चोरीला जाण्यापेक्षा ते परवडलं.

काही माहिती मात्र फोन सुरू होताना एकदाच भरावी लागते. तिच्यासाठी २०१६ मध्ये लिनक्स ४.६ मध्ये वेगळी सोय आली. मतदार यादीसारखंच हे! मुदतीपर्यंत नावं घाला, मग यादी गोठली. अँड्रॉइड लिनक्स कर्नलवरच चालतं. २०१७ च्या अँड्रॉइड ८ ‘ओरिओ’साठी ही सोय ३.१८ पर्यंतच्या जुन्या कर्नलमध्येही आणली गेली.

किल्ली कुणाकडे?

खरी मेख इथे आहे. पेज टेबलही मेमरीतच असतं. ते बदलता आलं, तर हल्लेखोर आधी कुलूपच काढेल. म्हणून अ‍ॅपलने २०१६ च्या आयफोन ७ मधल्या ए१० चिपपासून हे काम हार्डवेअरकडे दिलं. कर्नल सुरू झाला की त्याच्या कोडच्या भागात लिहिणं चिपच रोखते. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२० मध्ये ‘कर्नल डेटा प्रोटेक्शन’ जाहीर केलं. त्यात विंडोज कर्नलच्याही खाली चालणारा हायपरवायजर पहारा देतो.

मग फोन पूर्ण सुरक्षित?

नाही. कोणतं अ‍ॅप कोणत्या अधिकाराने चालतंय, यासारखी माहिती सतत बदलते. ती अशी कायमची गोठवता येत नाही. शिवाय परवानग्या सांभाळणाऱ्या कोडमध्येच चूक असू शकते. २०१६ मध्ये उघड झालेल्या ‘डर्टी काऊ’ त्रुटीमुळे फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्येही लिहिता येत होतं. ही चूक २००७ पासून लिनक्समध्ये होती. तिथे कुलपाचा उपयोग नव्हता, अपडेट हाच उपाय होता.

तुम्ही काय कराल?

सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख बघा. आलेलं अपडेट पुढे ढकलू नका. कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल, तर तो फोन गाण्यांसाठी, व्हिडिओसाठी ठेवा. बँकेचे व्यवहार दुसऱ्या फोनवर करा.